दह्याच्या निवळीतली लस

१२ मार्च २००३
औंढ्याकडची कोंबड्यांची राणीखेतची साथ आमच्या जवळा बाजार गावात पोचली. बायको चतुराबाई घाबरली. आमच्या अकरा कोंबड्यांत पांढरी आमच्या लेकीची, सपनाची, बाकी दहा पांढरीची पिलं. लेक तापाने गेली, पांढरी राहिली. बायको दिवसभर त्यांच्याशीच बोलते. तिला म्हटलं, काळजी करू नको, शाळेच्या लॅबमध्ये अठरा वर्षं काढलीत.

१३ मार्च
जनावरांच्या दवाखान्यातला जळबा बर्फात लस घेऊन आला. नाकात एकेक थेंब. शेजारच्या चंदाबाईने लगेच टाकून घेतली. मी नुसती कुपी ठेवून घेतली. मासिकात वाचलंय, नाकातल्या लसीत मेलेले जंतू मिसळले की शरीर जास्त जोराने लढतं. साधी लस साध्या लोकांना.

१४ मार्च, सकाळी ७
जंतू घरचेच, दह्यातले. निवळी खळखळ उकळली. शंभर टक्के मेले. गरम असतानाच लस ओतली, छान मिसळली. जळबा थंड ठेवा म्हणाला होता. कंपाउंडरला रिसर्च काय कळणार.
बायको म्हणाली, आधी एकीलाच टाकून बघता का? मी नुसतं बघितलं. मग म्हणाली, तुमाला कळतं, टाका. एकेकीला मांडीवर धरून बसली.

१८ मार्च
सगळ्या तरतरीत. इंग्रजीत पेपर लिहावा. नाव : सोनाजी मेथड. डिक्शनरी आणणे.

२५ मार्च
तिघी माना वाकड्या करून बसल्या. लसीची रिअ‍ॅक्शन. म्हणजे लागू पडतेय.

२७ मार्च
सात गेल्या. दही म्हशीचं होतं, त्यानेच घोळ झाला. पुढच्या वेळी गाईचं.

२९ मार्च
पहाटे पांढरी गेली. शेवटची तीच होती. बायको रडली नाही, पदरात गुंडाळून बसून राहिली.
दुपारी जळबा आला. सगळं ऐकून हळूच म्हणाला, "काका, ती लस जिती असती. जंतूंसंगं तुमी तिलाबी मारलं."
डिक्शनरी परत केली.

३० मार्च
चंदाबाई अंगणात विचारत होती, तुमच्याच कोंबड्या काहून गेल्या? बायको म्हणाली, "ह्यांचं औषध बराबर होतं. आमच्या सपनाच्याच नाजूक होत्या."
मी आत खाटेवर. उठून खरं सांगायला हवं होतं. उद्या नक्की सांगणार.

३१ मार्च
सांगितलं नाही. सकाळी तिने सवयीने अंगणात दाणे टाकले. चंदाबाईच्या कोंबड्या येऊन खाऊन गेल्या. तिने हाकलल्या नाहीत.