घट्ट पट्टी

बाबा,

आज ड्रेसिंग रूममध्ये जाम गावच्या फाट्यावर टपरी चालवणारा एक माणूस आला होता. शुगरचा जुना पेशंट, तुमच्यासारखाच. पायाची पट्टी मी कापली आणि आत बोटं काळी निघाली. सोबत त्याची विशीतली मुलगी होती. तिनं विचारलं, "सिस्टर, मीच बांधली होती. रक्त येऊन राह्यलं होतं म्हून आवळली. माह्यामुळं झालं काय हे?" मी म्हटलं, "नाई वं, तुह्यामुळं काऊन होईल?" इतक्या सराईतपणे मी खोटं बोलले. घरी आल्यापासून काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुमच्या पायाला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचा खुंट लागला ते तुम्हाला दोन दिवस कळलंही नव्हतं. शुगरनं पाय बधिर, त्यात बिडीनं शिरा आकसलेल्या. रक्त पोचत नाही तिथं प्राणवायू पोचत नाही, आणि त्याशिवाय कातडी भरून येत नाही, हे आज मी नव्या मुलींना शिकवते. तेव्हा एवढंच दिसायचं की जखम महिनोन्‌महिने शिळ्या भाकरीसारखी पांढुरकी पडून आहे. तुम्ही बिडी सोडलीत. आख्खं घर डोक्यावर घेऊन, पण सोडलीत. वांग्याच्या वाफ्यात पाय टाकायचा नाही म्हणून बांधावर खाट टाकून आईवर ओरडायचात. रोज सकाळी पट्टी मी बदलायची. आणि एक दिवस जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसले. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, या नव्या रक्तवाहिन्या फुटताहेत, केसाहून बारीक. धक्का लागला तरी रक्त येईल, येऊ द्या, चांगलं लक्षण आहे. फक्त पट्टी सैल बांधा आणि रोज बदला. परतताना एसटीत तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतात, "पाय वाचला आपला." इतक्या मोठ्यानं, की मला लाज वाटली.

त्यानंतर आठवड्याभरातच मी ती पट्टी बांधते आहे. तुम्ही म्हणता, "बाई, आवळून राह्यली वं जराशी." मी म्हणते, "राहू द्या, रक्त थांबते त्यानं." मग मी मैत्रिणीच्या लग्नाला पुलगावला जाते. आईला बजावून जाते, उघडू नको. तिसऱ्या दिवशी येऊन पट्टी सोडली तर लाल दाणे गेलेले, सगळं काळं, आणि वास.

"कोणी बांधली ही?" डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच बांधली साहेब. रक्त पाहून घाबरलो." मग ते तुम्हाला वाटेल ते बोलले. उभ्या जन्मात कुणाचं ऐकून न घेणारा माणूस मान खाली घालून बसला होता, आणि मी शेजारी उभी राहून सलाईनच्या बाटलीकडे पाहत होते. गुडघ्यापासून पाय गेला. वाफ्यात तुम्ही पुन्हा कधी उतरला नाहीत. चार वर्षं खाटेवर काढलीत आणि गेलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. उलट आईला सांगायचात, "लेकरू रक्ताले भ्यालं, त्याचा काय कसूर?" आई अजून तेच सांगते. मीही तेच धरून बसले, इतकी वर्षं.

पण आज त्या मुलीचा चेहरा पाहिला. ती खरंच भ्यालेली होती. मी नव्हते भ्याले, बाबा. डॉक्टरांचं सगळं मला नीट कळलं होतं. दोन दिवस पट्टी भिजू नये, कुणी माझी वाट पाहू नये, मला लग्नात निवांत राहता यावं, म्हणून मी ती आवळली होती. मला तुमच्या पायाचा कंटाळा आला होता.

आई आत्ता स्वयंपाकघरात आहे. तिच्यापाशी जाऊन एवढं सांगायला दहा पावलंसुद्धा लागणार नाहीत. मी जाणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.