बाजारात केलेली चौकशी

आदरणीय धनाजीकाका,

पासपोर्ट मिळाला. परवा नर्सच्या नोकरीसाठी दुबईला निघते.

पोलिसांच्या यादीतल्या कुणा फरारी अतिरेक्याशी मोहसीनदादाचं नाव जुळलं, म्हणून माझे पासपोर्टचे कागद तुमच्या ठाण्यात अडकले. तुम्ही आठ दिवस पलूसच्या बाजारात विचारत फिरलात, ‘हुसेन टेलरच्या घरी कोण येतं-जातं?’ सगळ्यांत जास्त तर तुम्हीच येता, काका.

शेवटी मीच ठाण्यात आले. म्हटलं, “बाजारात काय विचारता? मला विचारा.”

तुम्ही मान खाली घालून म्हणालात, “पोरी, माझं कामच हाय ह्ये.”

मग दोन तास विचारलंत. दादाला बोलावून त्याचा फोनही पाहिलात. त्याची जन्मतारीख वेगळी निघाली आणि तुम्ही लगेच अहवाल पाठवलात.

तपासाचा मला राग नाही. बॉम्ब फुटला तर मरणाऱ्यांत आम्हीही असू. पण आता अब्बांकडे कपडे शिवायला टाकताना लोक कचरतात, आणि त्याचं कारण मी अब्बांना सांगितलेलं नाही.

हे पत्र टाकत नाही. संध्याकाळी तुमच्या घरीच येते. ज्या ज्या दुकानात विचारलंत, तिथं जाऊन ‘हुसेनच्या घरात काही निघालं नाही’ असं तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन.

तुमची पुतणीच,
अर्फा