नऊ उजवे कौल

३ फेब्रुवारी २००८, रविवार
कंपनीच्या लॅपटॉपवर नोट्सचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. पानं करायची, पानांना टॅग लावायचे, नंतर एक शब्द टाकला की सगळं समोर! सहा वर्षं रांजणगावात क्वालिटीत काम करतोय, दुसऱ्यांची शिस्त तपासतो, आणि स्वतःच्या चिठ्ठ्या खिशात, बॅगेत, गाडीच्या डिकीत. आता सगळं एका जागी. ही वही भरली की बंद.

चेन्नईच्या प्लांटला जायचं का, ते सोमवारी, अकरा तारखेला, कळवायचंय. तीन वर्षं. त्याचंही पान केलं. फायदे अकरा. तोटा एक — आई-आबा दोघंच राहतील.

४ फेब्रुवारी
घरात सांगितलं. आई म्हणाली, "कौल लावल्याबिगर न्हाई."

गावच्या बिरोबाची पूजा आमच्या घराकडे, त्यामुळे कौल आबाच लावतात. देवाच्या दगडावर डाव्या-उजव्या अंगाला ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. येत्या रविवारी लावणार. माझा विश्वास नाही, पण आईशी वाद घालण्यात अर्थही नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी. सुचलं — घरातले आजवरचे कौल सॉफ्टवेअरमध्ये टाकावेत. आबांना अक्षरओळख नाही, पण कुठल्या साली काय विचारलं आणि काय मिळालं, सगळं तोंडपाठ. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. "तुझ्या डब्यात देव मावतोय व्हय रं?" म्हणाले. खुशीत होते.

मेंढरं विकून शेतीला लागावं का — उजवा. विहीर वरच्या वावरात — डावा. मी पाबळला शिकायला — उजवा. माझा डिप्लोमा, माझी मोटारसायकल, ही नोकरी — उजवा.

सुषमाचं नर्सिंग आलं तेव्हा तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "लिव्ह. डावा."

सुषमा माझी धाकटी बहीण. नर्सिंग राहिलं, वर्षभरात दौंडला लग्न करून दिलं.

८ फेब्रुवारी
लोडशेडिंग. बॅटरी संपली. काही झालं नाही.

९ फेब्रुवारी
नावाप्रमाणे टॅग लावले आणि सर्च केलं. आबांचे स्वतःचे बावीस कौल. बारा उजवे, दहा डावे. सुषमाचे सहा, त्यात चार डावे. माझे नऊ.

नऊच्या नऊ उजवे.

कंपनीत एखाद्या मशीनचा असा रिपोर्ट आला तर मी पार्ट बघत नाही, आधी मोजायचं गेजच तपासायला पाठवतो.

आई भाकरी थापत होती. विचारलं, आबा कधी कौल बदलून सांगत असतील का? तिचा हात थांबला. "देवाचं खोटं? त्यापरीस जीभ कापून दितील ते. सुषी किती रडली हुती, ठावं हाय ना? तवाबी डावा म्हंजी डावाच सांगितला."

पटलं. नऊ म्हणजे तशी फार मोठी संख्या नाही. होतं असं कधी कधी.

खरं सांगायचं तर मला जायचंय. आणि उद्या डावा आला तर बरं, असंही वाटतंय.

१० फेब्रुवारी, रविवार
आबांना चहाला बोलवायला सकाळी देवळात गेलो. ते पाठमोरे बसले होते. मी दारातच थांबलो. डावं फूल आधी पडलं. आबांनी ते उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि कोपरीच्या खिशात टाकलं. मी आवाज न करता परत आलो.

ते घरी आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजवा दिला. जा."

सॉफ्टवेअरमध्ये "उजवा" लिहिलं. खरं काय ते फक्त या वहीत.

संध्याकाळी सुषमाचा फोन. "दादा, काय दिला कौल?"

उजवा, म्हणालो.

"तुला नेहमी उजवाच देतो बघ देव," म्हणाली, आणि हसली.