समोरच्या घरची वाटी

भाईंदर (पश्चिम),
१८ ऑगस्ट १९९१

ती. पंढरीनाथमामास,
शुभदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मी घरातली पहिली पदवीधर झाल्यापासून बाबा येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी माझं प्रमाणपत्र दाखवतात. काल दूधवाल्यालाही दाखवलं. त्यानं हात जोडले.

आईची बातमी चांगली आहे. गिरगाव सोडल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. आता समोरच्या हंसाबेनशी दिवसभर बोलते. आई मराठीत, त्या गुजरातीत, आणि अडलं की दोघींची मोडकी हिंदी. दोन्ही दारं उघडीच असतात. सुरुवात झाली ती त्यांनी दिलेल्या वाटीभर खांडवीनं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्यातही आहे. शिवाय आलं त्याहून जास्तच गेलं पाहिजे, असा दोघींचाही हट्ट. मी नोंद ठेवली. दर खेपेला साधारण दीडपट होतं. मामा, ही घातांकी वाढ आहे! या हिशेबानं तेराव्या खेपेला सव्वाशेहून जास्त वाट्या होतात. वाटीचा डबा झालाय, डब्याचं पातेलं झालंय. मी आलेख काढून आईला दाखवला, तर ती म्हणाली की डोंगर छान आलाय.

आमचे सर सांगत, गणित जगण्यात उतरवा. मला उतरवायचंय. पण हे थांबवताना समोरचं दार बंद होता कामा नये. आईला दुसरी मैत्रीण नाही. आलेखाची प्रत सोबत पाठवतेय. उपाय सुचवा, आणि मामीला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
शुभदा


लांजा,
२ सप्टेंबर १९९१

चि. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

आलेख पोचला. तुझ्या मामीनं तो उलटा धरला तेव्हा उतार दिसला. तसा काही उपाय निघतो का बघ.

तुझ्या आईला मी लहानपणापासून ओळखतो. शेजारून एक फणस आला की ही दोन देऊन यायची, आणि आम्ही पानात भाजीची वाट बघत बसायचो. तिला गणित सांगू नकोस. त्यापेक्षा दुप्पट मोठा टोप घेऊन दे. खेपा तरी कमी होतील. जपून राहा, आणि बाबांना म्हणावं, प्रमाणपत्राला काच बसवा.

तुझा मामा,
पंढरीनाथ


भाईंदर,
१० नोव्हेंबर १९९१

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा उपाय केला. आईनं टोप आणला, आधीच्या पातेल्याच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच. म्हणून रवाही दुप्पट घेतला. शिरा झाला तर जेमतेम पाव टोप भरला! आई घाबरली. अर्धवट भरलेलं भांडं देणं म्हणजे रिकामं देण्याहून वाईट. मी समजावलं की लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या की आत आठपट मावतं, कारण दोनाचा घन आठ. आई म्हणाली, हे दुकानात सांगायला काय झालं होतं? मग बाबांना रव्याला पिटाळलं, आणि या खेपेचा रवा मात्र जास्त झाला.

उरलेला शिरा डबा भरून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर पाठवलाय. वाढून घ्यायला घाईत हाताला लागली ती वाटी आईनं आत टाकली आहे. हंसाबेननी कळवलंय की त्यांचं उत्तर संक्रांतीला मिळेल. त्यांचे दीर लग्नाची जेवणं करतात, म्हणून मला धास्ती वाटते. तुमच्या प्रकृतीला शिरा सोसवो.

शुभदा


भाईंदर,
२७ जानेवारी १९९२

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला हंसाबेनच्या दारात उंधियूचं पातेलं अडकलं. रिकामं होतं तेव्हा आडवं करून आत गेलं होतं. भरलेलं आडवं करता येत नाही. त्या आत, आम्ही बाहेर, मध्ये उंधियू. सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव चौकट तोडायला निघाले. मी त्यांना अडवलं आणि आकारमान कमी करायला सांगितलं. मग सगळी बिल्डिंग ताटल्या घेऊन जिन्यात रांगेत उभी राहिली. तिसऱ्या वाढपाला पातेलं कलतं झालं आणि हंसाबेन बाहेर आल्या.

एवढी माणसं पुन्हा कधी जमणार? मी खडूनं भिंतीवर आलेख काढला आणि सिद्ध केलं की गणपतीपर्यंत पातेलं खोलीएवढं होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं आणि हंसाबेननी मान्य केलं की आता कुणी काही द्यायचं नाही. मी आलेखावर शून्य लिहिलं.

तेव्हापासून दोन्ही दारं बंद आहेत. कारणाशिवाय जायचं कसं, असं आई म्हणते, आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसते. माझं गणित बरोबर होतं, मामा. मग हे असं का झालं?

शुभदा


लांजा,
५ फेब्रुवारी १९९२

चि. शुभदास,
आशीर्वाद.

शिऱ्याच्या डब्यातली वाटी इथेच राहिली होती. तळाशी गुजराती अक्षरं कोरलेली आहेत. मला वाचता येत नाहीत, पण तुमच्या घरची नाही एवढं कळतं. ती पाठवतोय. आमच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मामीनं आमसुलं भरली आहेत. पुढचं तुझी आई बघेल. तू मध्ये पडू नकोस.

पंढरीनाथ


भाईंदर,
१६ फेब्रुवारी १९९२

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

वाटीवर हंसाबेनचं नाव आहे. पहिल्या दिवसाची खांडवी तिच्यातच आली होती; आईची परतफेड मोठ्या भांड्यातून गेली आणि ही वाटी आमच्याकडेच राहिली. आई एकदम उठली. म्हणाली की ठरलंय ते ठरलंय, पण दुसऱ्याची वाटी घरात ठेवून घेणं म्हणजे चोरी, आणि रिकामी नेणं त्याहून वाईट. आमसुलांची सोलकढी केली, वाटी काठोकाठ भरली आणि पदर सावरत समोर गेली. जेवायच्या वेळेला मी बोलवायला गेले, तर दोघींनी मला हाकललं.

माझी चूक आता कळली. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच राहतं. हे मला पदवीआधीच ठाऊक असायला हवं होतं. शून्य खोडून तिथे मी एक लिहिलाय. पातेलं दारापर्यंत पोचायला अजून बराच अवकाश आहे. तुमच्या दोघांची माया अशीच भरल्या भांड्यानं येत राहो.

तुमची,
शुभदा

ता. क. आत्ताच वाटी बासुंदी घेऊन परत आली. सोबत एक डबाही आहे. आई नवी परात बघायला गेली आहे.