चार ताऱ्यांना होणारा उशीर

दिनांक: ९

प्रति,
मा. संचालक,
वेधशाळा, टेकडी कार्यालय.

विषय: ज्येष्ठ निरीक्षकांची वैद्यकीय तपासणी होईपर्यंत त्यांना गाडी चालवण्याच्या कामातून मोकळे करण्याबाबत.
संदर्भ: माझा दि. २ चा अर्ज व वाहन विभागाचे दि. ५ चे उत्तर.

महोदय,

१. गेल्या चौदा महिन्यांत चार जोडताऱ्यांच्या एकूण ११२ ग्रहणांच्या वेळा नोंदल्या गेल्या. प्रत्येक जोडीतले दोन तारे एकमेकांना टेकून फिरतात व आळीपाळीने झाकतात. प्रकाश सतत बदलत असल्याने आलेख कुठेच सपाट नसतो आणि वेळेतली चूक त्यात लपत नाही. ज्येष्ठ निरीक्षक दुर्बिणीच्या प्रकाशमापकाचा काटा वाचतात आणि बटण दाबून वेळ नोंदवतात. शेजारच्या दुर्बिणीवरचा स्वयंचलित कॅमेरा तेच तारे टिपतो.

२. कॅमेऱ्याच्या तुलनेत हाताच्या नोंदी सुरुवातीला सरासरी दोन सेकंद उशिरा होत्या, आता सात. चारही जोड्यांचा आवर्तकाळ वेगळा, उशीर मात्र सारखाच. चार तारे आपसांत ठरवून उशीर करणार नाहीत. घड्याळ मी तीनदा तपासले. ते बरोबर आहे.

३. म्हणून मी शेजारी बसून पाहिले. काटा वाचल्यावर कधी कधी काकांचे (त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो) बोट बटणावर तसेच राहते. डोळे उघडे असतात, पण ते तिथे नसतात. मग बटण दाबतात आणि अर्धवट राहिलेला विनोद पुढे सांगू लागतात. मध्ये काही झाले हे त्यांच्या गावीही नसते. सर्वांत मोठा खंड १९ सेकंदांचा. हे सांगितल्यावर ते हसून म्हणाले, "तारा चुकला असेल, पोरी." जिना उतरताना मात्र हळूच म्हणाले, "निवृत्तीला चार महिने राहिलेत माझे. वर कळवू नकोस." आलेख वाचायला मला त्यांनीच शिकवले आहे.

४. चालकाचे पद रिकामे असल्याने रोज सकाळी आम्हा अकरा जणांना काकाच गाडीने खाली नेतात. माझा पहिला अर्ज वाहन विभागाकडे गेला. त्यांनी ब्रेक उत्तम असल्याचे कळवले. ब्रेकबद्दल माझी तक्रार नव्हती.

५. काकांची नोकरी राहावी, फक्त किल्ली काढून घ्यावी. तेही लगेच होणार नसेल, तर मला त्यांच्या शेजारची जागा मिळावी. तिथून हँडब्रेकला हात पोहोचतो.

६. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी १९ सेकंदांत १५८ मीटर जाते.

उद्या सकाळच्या फेरीआधी उत्तराची वाट पाहणारी,
कनिष्ठ संशोधन साहाय्यक

सोबत:
(१) ११२ नोंदींचा तक्ता.
(२) चार आलेख.
(३) फाटकापासून पहिल्या वळणापर्यंतचे अंतर, टेपने मोजून: १४२ मीटर.