दोन दाणे चावून

भाऊजी,

तुमचे दादा गेले आणि महिन्याच्या आत तुम्ही मला दुकानातून उठवलंत. "वहिनी, आता गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने माल उचलतं. तुमची बडबड कुणाला हवीय?" असं चारचौघांत म्हणालात आणि सगळा तांदूळ पिशव्यांत बंद करून फळ्यांवर रचलात.

आपल्या गल्लीतल्या बायका दोन दाणे चावून पाहिल्याशिवाय तांदूळ घेत नाहीत, हे वीस वर्षं गल्ल्यावर बसून तुम्हाला कळलं नाही. समोरच्याच खोलीत मी उघडी पोती मांडली. आठवड्यात तुमच्या दारातली गर्दी माझ्या पायरीवर आली. तुम्ही काचेआडून बघत होतात. मला फार बरं वाटलं.

गेल्या महिन्यापासून मागच्या दाराने तुमची बायकोही येते. "जाऊबाई, यांना सांगू नका हं. दुकानातला तांदूळ मुलं ताटात टाकतात. मी तुमचाच शिजवते. 'बघ, आपला माल!' म्हणत हे दोनदा वाढून घेतात."

तिला शब्द दिलाय, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. तुम्ही असेच पोटभर जेवत राहा, भाऊजी, आणि माझ्या मालाची तारीफ करत राहा.

समोरच्या दुकानातली,
तुमची वहिनी