तलावाचा वास

बाबा, परवा चंद्रपूरच्या एका डॉक्टरांनी माझ्या हातावर पेनानं रेघा मारल्या, प्रत्येक रेघेशी एकेक थेंब टाकला आणि सुईनं हलकेच टोचलं. धूळ, बुरशी, झुरळ, असं बरंच काही. पंधरावीस मिनिटांत एकाच थेंबाखाली लालभडक गांध उठली. "मांजर," डॉक्टर म्हणाले. "घरात मांजर आहे का?" मी म्हटलं, दोन आहेत. ते हसले, मग नळीत फुंकून घेतलेल्या तपासणीचा कागद बघून हसायचे थांबले. मांजरं देऊन टाका, नाहीतर पुढे पुढे श्वासाचं अवघड होईल, असं स्पष्ट सांगितलं. उठता उठता त्यांनी विचारलं, मांजरानं त्रास होतो हे याआधी कधी लक्षात आलं नव्हतं का. मी नाही म्हटलं. त्या 'नाही'बद्दल लिहायला बसले आहे, कारण खरं उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं.

मांजरं लेकीनं आणली. कॉलेजच्या सायकल स्टँडवर सापडली म्हणून दप्तरात घालून घेऊन आली, दोघी बहिणी. तेव्हापासून माझं घर म्हणजे एक छोटा दवाखानाच झालाय. झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. पडदे काढले, गादीला खोळ घातली, चादरी दर रविवारी उकळत्या पाण्यात. लेक त्यांना गॅलरीत नेऊन विंचरते, ओल्या टॉवेलनं पुसते. माझ्या खोलीचं दार बंद, त्यांना हात लावला की साबणानं हात धुवायचे, सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा. उन्हाळ्यात कूलर माझ्याच खोलीत असतो, तेव्हा दोघी दाराच्या फटीशी नाक लावून पडून राहतात, आणि मी कितीदा तरी दार उघडते. शेजारणी म्हणतात, ही चंद्रपूरची हवा, खिडकीत बोट फिरवलं तरी काळं होतं. मीही मान डोलावते, सोयीचं आहे ते. लेक मात्र मागे लागली आहे, "आई, मैत्रीण घ्यायला तयार आहे, देऊन टाकते ना." मी तिच्यावर खेकसते. तिला वाटतं आईला मांजरांचा फार लळा आहे.

लळा होताच, पण तो भुरीचा. नागभीडजवळच्या आपल्या गावात, तलावाच्या पाळीखालच्या, बांधाला लागून असलेल्या त्या दोन खोल्यांत जाळी ठेवलेला कोपरा हीच काय ती उबदार जागा होती. जाळ्याला माशाचा वास, म्हणून उंदीर यायचे, एका रात्रीत हातभर जाळं कुरतडून ठेवायचे. म्हणून मोहल्ल्यात घरोघरी मांजर. भुरी जाळ्यांवर झोपायची आणि मी भुरीला पोटाशी धरून. पहाटे माझी छाती वाजायला लागायची. तुम्ही तलावावरून येता, डोक्यावरचं ओलं जाळं दारातच टाकता, तसेच आत येऊन मला मांडीवर घेता आणि पाठ चोळता. तुमचा हात गार असायचा, तळव्याला जाळ्याच्या दोरीचे वळ. आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करत बडबडत असायची.

मला नववं लागलं होतं. त्या सकाळी आई तुम्हाला म्हणाली, "मी सांगून राह्यली ना, मांजरीनंच होते हे. मावशीकडे गेली तर आठ दिवस काई झालं नाई पोरीले." तुम्ही जाळं सोडवत बसलात, मग मला हाक मारलीत. मी जवळ आले. भुरी पायात घोटाळत होती. "खरं सांग माय," तुम्ही म्हणालात, "भुरीले जवळ घेतलं का दम लागते का तुले?"

मला माहीत होतं, बाबा. आईच्या आधीपासून माहीत होतं. तिच्या पोटात तोंड खुपसलं की डोळे चुरचुरतात, नाक गळतं, मग छाती आवळते, हे मी कितीदा करून पाहिलं होतं. पण शेजारच्या काकांनी त्यांचं मांजर पोत्यात घालून रेल्वे फाटकापलीकडे सोडलेलं मी पाहिलं होतं. म्हणून मी म्हटलं, "नाई बाबा. तुमच्या अंगाले तलावाचा वास येते, त्यानं लागते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हापशीवर आंघोळ करून घरात यायला लागलात, कपडे बाहेर कुंपणावर वाळत घालायला लागलात. तरी माझा दम थांबला नाही, थांबणार कसा? होळीनंतर तुम्ही जाळी शेजारच्या काकांना देऊन टाकलीत आणि राईस मिलमध्ये जायला लागलात. आई विचारायची, "काऊन सोडला तलाव?" तुम्ही म्हणायचात, "पोरीले ओल भोवते." घरात जाळंच उरलं नाही, तर मांजर कशाला हवं होतं? हे आपल्यापैकी कुणीच बोललं नाही. भुरी माझ्या अंथरुणात झोपत राहिली आणि तुम्ही कोंड्याच्या धुळीनं पांढऱ्या पापण्या घेऊन संध्याकाळी घरी येत राहिलात.

पुढे मला एटापल्लीला शिक्षिकेची नोकरी लागली. तिथल्या माझ्या खोलीत मांजर नव्हतं आणि तीन वर्षांत मला एकदाही दम लागला नाही. सगळे म्हणायचे, जंगलाची हवा मानवली. त्याच तीन वर्षांत तुमची छाती वाजायला लागली. सरकारी दवाखान्यात बिडीवर खापर फुटलं. बिडी तुम्ही ओढायचात, ते खरंच आहे. पण तलावावरही ओढायचात, तेव्हा कधी खोकला ऐकला नव्हता. मी दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढत होता. मी शेजारी बसणार, तर तुम्ही हातानं अडवलंत. "दूर बस माय. अंगाले वास येते."

मी दूर बसले. दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर, चार हात लांब. तेव्हा सांगता आलं असतं. वय होतं, नोकरी होती, मांजर केव्हाच मरून गेलं होतं. तरी सांगितलं नाही, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात.

आता लेकीला काय सांगू? ऑटो बोलवायचा, पिशवीत दोघींना घालायचं, मैत्रिणीकडे सोडून यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. ते इतकं सोपं आहे, म्हणूनच मी करत नाही. आज केलं तर मग तेव्हा काऊन नाही केलं, हे सांगावं लागेल. डॉक्टर पंप वाढवून देतील, मी दार बंद ठेवीन, उघडीन, पुन्हा बंद ठेवीन. ही काही शिक्षा नाही, नुसता हट्ट आहे, आणि तो लेकीला भोगावा लागतोय हेही मला दिसतं. रविवारी ती मैत्रिणीला घेऊन येणार आहे. मी नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र तेव्हा लिहिलं असतं तरी मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत आजही नाही. म्हणून हे कपाटात, चादरींच्या खाली. फक्त एक राहिलं, बाबा. तुमच्या अंगाला तलावाचा वास यायचा, तो मला आवडायचा.